दर्याकाठच्या बाबांची गोष्ट लिहून ठेवायची असेल तर

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या कुठल्याही जुन्या घरात जरा निवांत बसलात ना, तर घाटाखालच्या कुठल्यातरी बाबांची गोष्ट निघतेच. कोण म्हणतं वेंगुर्ल्याच्या बाजूला खडकात राहायचे, कोण म्हणतं कारवारकडं, कोण म्हणतं गोव्याच्या हद्दीवर खाडीच्या तोंडाशी झोपडी होती. नाव बहुतेक वेळा नसतंच, नुसतं बाबा, नाहीतर बुवा, नाहीतर महाराज. अंगावर लंगोटी, बोलणं कमी, पैशाला हात लावायचे नाहीत, आणि तुफानात सापडलेली होडी त्यांनी किनाऱ्याला आणली. एवढं सगळ्यांना पाठ असतं. पुढचं विचारलं की गाडी अडते, कारण ज्यांनी बघितलं ते गेले आणि ज्यांनी बघणाऱ्यांच्या तोंडून ऐकलं ते आता ऐंशी-नव्वदीत आहेत. तुमच्या घरात अशी गोष्ट असेल तर ती गोळा कशी करायची, कुणाला काय विचारायचं, साल कसं काढायचं, खाली कोकणात उतरून काय बघायचं, हे सगळं मी करतो तसं सांगतो. मी मानणारा माणूस आहे, आणि मानतो म्हणूनच मला वाटतं की बाबांच्या नावावर काहीही ठोकून देऊ नये, जे ऐकलं ते जसं ऐकलं तसं आणि ज्याच्याकडनं ऐकलं त्याच्या नावासकट ठेवावं.

सगळ्यात आधी एक ध्यानात घ्या. दर्याकाठचा माणूस घाटावरच्या गावात ओळखीचा का झाला? तर जाण्या-येण्यामुळं. रेल्वे यायच्या आधी बेळगावचा समुद्राशी व्यवहार मोठ्या प्रमाणात वेंगुर्ला बंदरातनं चालायचा. बंदर जुनंच, सतराव्या शतकात तिथं डचांची वखार होती. रामघाट, मग आंबोलीचा रस्ता, या वाटांनी मीठ, सुकी मासळी, नारळ वर यायचे आणि इकडनं तांदूळ, गूळ, मिरची, तंबाखू खाली जायची. पुढं १८८० नंतरच्या दशकात रेल्वे आली, लोंढ्यावरनं मुरगावची वाट झाली, तरी बैलगाड्या लगेच थांबल्या नाहीत. म्हणजे गोष्ट वर आणली ती गाडीवानांनी, मीठवाल्यांनी, सुकं विकणाऱ्या बायकांनी, आणि माहेर कोकणात असलेल्या सासुरवाशिणींनी. म्हणून शोध सुरू करताना देवळाच्या पुजाऱ्याकडं पळत जाऊ नका, आधी गावात विचारा की पूर्वी कुणाच्या घरी भाड्याच्या गाड्या होत्या, कुणाचा आज्जा मीठ आणायला जायचा, कोणती आज्जी सावंतवाडी-कुडाळकडनं दिलेली आहे. खानापूर तालुक्यातनं गोव्याला कामाला जाणारी घरं तर भरपूर, तिथंही हमखास काहीतरी सापडतं.

नावात अडकू नका हेही आत्ताच सांगतो. एकच माणूस मालवणी माणसाच्या तोंडी बाबा असतो, आपल्याकडं महाराज होतो, कन्नड घरात अज्ज होतो, आणि किनाऱ्यावरच्या मुसलमान मच्छीमाराच्या घरी त्याला फकीर म्हणत असतील. तुम्ही फक्त "महाराजांची गोष्ट माहीत आहे का" असं विचारत फिरलात तर निम्मी माणसं नाही म्हणतील आणि ती खोटं बोलत नसतील. जागा विचारा, खूण विचारा. खडक, झाड, विहीर, होडी.

रेकॉर्डिंगचं म्हणाल तर फोन पुरतो, वेगळं मशीन घ्यायची गरज नाही. फक्त फोन एअरप्लेन मोडवर टाका नाहीतर बरोबर मधेच कुणाचातरी कॉल येतो, पंखा बंद करा, टीव्ही बंद करायला घरच्यांना विनंती करा, आणि फोन म्हाताऱ्या माणसाच्या समोर न धरता बाजूला उशीवर किंवा टॉवेलवर ठेवून द्या, समोर धरला की माणूस भाषण द्यायला लागतो. सुरू करायच्या आधी परवानगी घ्या, ती पण रेकॉर्डमध्येच घ्या: "आज्जा, मी हे टेप करून ठेवतोय, चालंल न्हवं?" आणि लगेच तुमचं नाव, गाव, तारीख, कुणाशी बोलताय हे स्वतःच्या आवाजात बोलून ठेवा. दोन वर्षांनी फाइल उघडल्यावर हे कोण बोलतंय हेच आठवत नाही. फाइल कुणाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची झाली तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि घरी आल्या आल्या एक कॉपी कॉम्प्युटरवर, एक पेनड्राइव्हवर. त्या रात्रीच. फोन पाण्यात पडायला वेळ लागत नाही.

वेळ दुपारची बरी, जेवणं झाल्यावर. संध्याकाळी घरात माणसं वाढतात आणि मग मुलगा किंवा सून मधे बोलायला लागतात, "तसं न्हवं ओ, ते असं झालं होतं." त्यांना थांबवू नका, रागही मानू नका, पण त्यांच्याशी नंतर वेगळं बोला. कारण त्यांच्याकडं जी गोष्ट आहे ती बऱ्याचदा छापील पुस्तिकेतनं किंवा यूट्यूबवरनं आलेली असते, आणि म्हातारीकडची बापाकडनं आलेली. दोन्ही ठेवायच्या, फक्त एकमेकांत मिसळायच्या नाहीत.

आता मुख्य. काय विचारायचं. माझा नियम एकच आहे, चमत्कार शेवटी, भाकरी आधी. चमत्कार विचारला की सगळे तेच सांगतात जे सगळ्यांना माहीत आहे. बाबांना जेवायला कोण घालायचं असं विचारलं की माणूस थांबतो, आठवायला लागतो, आणि मग जे निघतं ते दुसऱ्या कुणाकडं नसतं. खानापूर तालुक्यातल्या एका आज्जींशी झालेलं बोलणं जसंच्या तसं देतो, त्यांचे वडील गाडीवान होते:

"आज्जी, ते बाबा जेवायचे काय?"

"जेवनार काय, कोन दिलं तर प्येज. आमचा बा गाडी घिऊन जायचा तवा हितनं तांदूळ न्यायचा, त्येतलं पायलीभर त्यास्नी ठिऊन यायचा."

"आणि मासळी?"

"खाईत व्हते की. सुका बांगडा भाजून द्यायची ती रापणीची मान्सं. आता म्हनत न्हाई तसं कोन, खरं बा सांगायचा."

"तुमचे वडील कधी जायचे खाली?"

"सुगी झाली की. पावसात कुठं गाडी जातीया घाटातनं."

चार वाक्यं आहेत, पण बघा किती निघालं. रापणीची माणसं होती म्हणजे जागा वाळूच्या किनाऱ्याची, कारण रापण म्हणजे माणसांनी काठावरनं ओढायचं मोठं जाळं, ती ओढायला मोकळी वाळूची पुळण लागते, नुसत्या खडकात किंवा चिखलाच्या खाडीत ती ओढता येत नाही. म्हणजे "खडकातले बाबा" आणि "रापणकरांचे बाबा" एकच असतील तर खडक आणि पुळण शेजारी शेजारी असलेली जागा शोधायची. तांदूळ गाडीनं खाली जात होता म्हणजे लॉऱ्या सुरू व्हायच्या आधीचा काळ. सुगीनंतर भेट व्हायची म्हणजे वर आलेल्या सगळ्या गोष्टी हिवाळ्या-उन्हाळ्यातल्या, बाबा पावसाळ्यात काय करायचे हे गाडीवानांना ठाऊकच नव्हतं, ते खालच्या माणसांनाच विचारावं लागेल. आणि आज तिथं जे भक्त आहेत ते शुद्ध शाकाहारी म्हणून सांगत असतील तर ही दुसरी बाजूही आहे. कोण खरं कोण खोटं हे ठरवायला बसू नका. दोन्ही लिहा, कुणी सांगितलं ते लिहा. मात्र आज्जींचं नाव घालून सुका बांगडा जाहीर करायच्या आधी त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना विचारा, उगाच म्हाताऱ्या माणसाला गावात त्रास नको.

पावसाळ्याचा प्रश्न मी नेहमी विचारतो कारण किनाऱ्यावर एकट्या माणसानं जून-जुलै काढणं म्हणजे काय हे घाटावर बसून कळत नाही. होड्या वर ओढलेल्या असतात, दर्या खवळलेला, वारा झोपडीचं छप्पर उडवणारा. आता यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै सरकारी बंदी असते, पूर्वी नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय कोण पाण्यात जायचं नाही. म्हणजे त्या दोन-तीन महिन्यांत मच्छीमारांच्याच घरात खायचे वांधे, मग बाबांना कोण देणार? कुणाच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, राहायचे का, देवळाच्या पडवीत यायचे का, की घाट चढून वर यायचे? हा प्रश्न विचारलात की बऱ्याचदा एखाद्या घराचं नाव निघतं, "अमक्याच्या माडाच्या बागेत असायचे पावसात". ते घर म्हणजे तुमचा पुढचा पत्ता.

पाण्याचंही तसंच. खाऱ्या दर्याच्या काठाला माणूस राहिला तर पिण्याचं पाणी कुठलं? इथं बहुतेक ठिकाणी एक गोड्या पाण्याची गोष्ट असतेच, बाबांनी चिमटा मारला आणि झरा फुटला, किंवा बाबांनी हात बुडवला आणि विहिरीचं पाणी गोड झालं. कोकणात जांभा दगड सच्छिद्र, पावसाचं पाणी त्यात मुरतं, खाली चिकण थर लागला की कडेनं झरा होऊन बाहेर पडतं. वाळूतही पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळं वर तरंगून राहतं, म्हणून दर्यापासनं थोड्या अंतरावर खणलं तरी पिण्यासारखं पाणी लागतं, जास्त उपसलं तर मात्र खारं येतं. हे मी भक्ती कमी करायला सांगत नाही. उलट अशी जागा ज्याला सापडली, ज्यानं ती राखली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी पाजलं, त्या माणसाची आठवण लोकांनी का धरून ठेवली हे मला यातनं जास्त कळतं. तर विहीर किंवा झरा आहे का, आजही पाणी आहे का, उन्हाळ्यात आटतं का, कोण वापरतं, हे सगळं लिहायचं. माणूस जातो, गोष्ट बदलते, पण झरा बहुतेक तिथंच असतो.

सालाचा विषय. "लई वर्षं झाली" यातनं काय साल निघत नाही आणि "कितव्या साली" असं विचारलं तर म्हातारी माणसं बिचकतात. त्याऐवजी खुंट्या द्यायच्या. प्लेगच्या आधी की नंतर? म्हणजे १८९६ नंतरची ती वर्षं, लोक गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहायचे, ही आठवण आपल्याकडं घराघरांत होती. मानमोडीच्या साथीत बाबा होते का? म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. गांधीजी बेळगावला काँग्रेसला आले तेव्हा? १९२४, डिसेंबर. शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला तेव्हा? १९३०, ही खूण किनाऱ्यावरच्या गोष्टीला फार उपयोगाची. मग १ नोव्हेंबर १९५६, आपण म्हैसूर राज्यात टाकले गेलो तो दिवस, तो आपल्याकडं कुणाला सांगावा लागत नाही. गोव्यात पोर्तुगीज होते तोवर की नंतर? १९ डिसेंबर १९६१. कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, सगळे उठून अंगणात आले होते. बहात्तरचा दुष्काळ. अशा सात-आठ खुंट्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि बोलता बोलता एक एक टाका, उलटतपासणी घेतल्यासारखं न्हवे.

दुसरी तपासणी पिढ्यांची. "माझ्या आज्जानं बघितलं" असं सांगणारा माणूस आज ऐंशीचा असेल तर त्याचा आज्जा साधारण १८८० ते १८९० च्या पुढंमागं जन्मलेला. म्हणजे त्यानं जाणत्या वयात बघितलं तर १९०० च्या आसपास ते १९४०. यात शिवरायांच्या काळातले बाबा बसत नाहीत. गोष्ट शिवकाळापर्यंत ओढलेली असेल तर एक तर दोन वेगवेगळे बाबा एक झालेत, नाहीतर मधल्या काही पिढ्या गळल्यात, आणि दोन बाबा एक होणं हे लोकांना वाटतं त्यापेक्षा खूप जास्त वेळा घडतं.

समाधी असेल आणि त्यावर दगडात काही कोरलेलं असेल तर तुमचं नशीब. बहुतेक वेळा शके दिलेलं असतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, पण जानेवारीपासनं फाल्गुन संपेपर्यंतचा दिवस असेल तर ७९ मिळवायचे, कारण शक पाडव्याला बदलतो. समजा शके १८४० आश्विन असेल तर १९१८, पण शके १८४० माघ असेल तर १९१९. संवत्सराचं नावही असेल तर सोन्याहून पिवळं. शके १८४० ला कालयुक्त संवत्सर, आणि ही नावं साठ वर्षांनी फिरून येतात, म्हणजे कालयुक्त १८५८ ला होतं, १९१८ ला होतं, १९७८ ला होतं. आकडा झिजलाय पण नाव वाचता येतंय असं झालं तर यावरनं साल सोडवता येतं. आणि आकडा एक, नाव दुसरंच असं असेल तर दगड नंतर कुणीतरी बसवलाय अशी शंका घ्यायला जागा आहे. कोरीव अक्षरांचा फोटो भर दुपारी काढू नका, सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन असताना काढा, नाहीतर बाजूनं टॉर्च मारा. खडू, हळद, पीठ काहीही अक्षरांत घासू नका, समाधी आहे ती.

पुण्यतिथी कधी करतात तेही विचारा. साल विसरतं पण तिथी विसरत नाही, कारण भंडारा असतो.

आता चमत्कारांकडं या. ते लिहायचेच, आणि मनापासून लिहायचे, फक्त ओळखायला शिकायचं. काही प्रसंग असे आहेत की ते दख्खनभर फिरतात. वाघावर बसून आलेला योगी आणि त्याला सामोरं जायला भिंत चालवणारा संत, ही आपल्याला चांगदेव-ज्ञानदेवांची म्हणून माहीत आहे, पण तसाच प्रसंग सूफी पिरांच्या बाबतीतही सांगतात. एकाच वेळी दोन गावांत दिसणं, स्वतःच्या जाण्याचा दिवस आधी सांगणं, रिकाम्या भांड्यातनं पंगत उठवणं, हेही तसंच. असा प्रसंग आला की लिहून घ्या, पण बाजूला खूण करा की हा दुसरीकडंही आहे. आणि जो प्रसंग दुसरीकडं कुठंच नाही, जरा विचित्र आहे, ज्याचा काही उपदेश निघत नाही, तो जपा. बाबा डाव्या हातानंच पाणी प्यायचे, कुणी काळा कपडा घालून आला की पाठ फिरवायचे, मिठागरातल्या मजुरांशी तेवढं बोलायचे आणि सावकाराशी नाही. असलं कुणी मुद्दाम रचत नाही. माझ्या मते खरा माणूस तिथं सापडतो.

गोष्ट कशी घट्ट होत जाते हे बघायचं असेल तर बांद्याच्या सोहिरोबानाथांचं बघा. १७१४ चा जन्म, कुळकर्णी, सावंतवाडीला बोलावणं आलं म्हणून निघालेले, वाटेत इन्सुलीला फणस फोडून खायला बसले आणि तिथं गहिनीनाथांनी समोर येऊन फणस मागितला. पुढं नोकरी सुटली, घर सुटलं, म्हातारपणी उत्तरेत गेले, उज्जैनहून नाहीसे झाले असं सांगतात. त्यांची पदं अजून आपल्याकडं भजनात गातात. या गोष्टीत राजाचा दरबार आहे, मोठमोठी नावं आहेत, तरी सगळ्यांच्या लक्षात काय राहिलं? फणस. वाटेवर बसून खायची वस्तू. आणि अगदी अलीकडचं बघायचं असेल तर रेडीचा द्विभुज गणपती, १९७६ साली खाणीच्या भागात सापडला, एका ट्रकवाल्याला दृष्टांत झाला असं सांगतात. तेव्हाची माणसं अजून आहेत. आपल्या डोळ्यांदेखत एक गोष्ट आकार घेते आहे, तिथं चार जणांना विचारून बघा, प्रत्येकाची थोडी वेगळी निघते, आणि मग शंभर वर्षांपूर्वीच्या बाबांच्या गोष्टीत फरक का पडतो हे आपोआप समजतं.

आपले बाबा कुणा मोठ्या संताला भेटले असं सांगत असतील तर त्याचाही साल काढायला उपयोग होतो. माणगावचे टेंबेस्वामी १८५४ ते १९१४, आपले बाळेकुंद्रीचे पंत महाराज १८५५ ते १९०५. भेट झाली म्हणत असतील तर ती या सालांच्या आतच बसली पाहिजे. बसत नसेल तर सांगणाऱ्याला खोडून काढायची गरज नाही, तुमच्या वहीत नोंद करा आणि चहा प्या.

मग खाली जायचं. बेळगावहून शिनोळी, आंबोली करत सावंतवाडी शंभरेक किलोमीटर, तिथनं वेंगुर्ला-शिरोडा जवळ. गोव्याच्या बाजूची जागा असेल तर चोर्ला घाट. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा काळ चांगला, पावसात आंबोलीत धुक्यानं दिसत नाही आणि खडकांत तर पाऊल टाकूच नका, शेवाळ्यानं घसरतं. ओहोटीची वेळ आधी बघून घ्या, अशा कित्येक कपारी भरतीला पाण्यात जातात आणि परतायची वाट बंद होते. एकट्यानं जाऊ नका, गावातल्या कुणालातरी बरोबर घ्या, त्याला चहा-जेवण द्या, त्याचा दिवस मोडतो.

तिथं गेल्यावर पहिल्यांदा दर्शन घ्या. नारळ ठेवा. फोन खिशात ठेवा. देवस्थानच्या माणसांना सांगा की आम्ही बेळगावकडचे, आमच्या आज्जानं बाबांना तांदूळ दिलेले, आमच्याकडं त्यांची अशी अशी गोष्ट सांगतात. तुम्ही आधी तुमची गोष्ट द्या, मग त्यांची मागा. आमच्या भागात कुणाला बाबांबद्दल इतकं माहीत आहे हे ऐकून त्या माणसांचे डोळे भरून येतात, हे मी बघितलंय. आणि मग जुनं कपाट उघडतं, भिंतीवरचा काळवंडलेला फोटो खाली काढून पुसून दाखवतात. फोटोच्या मागं बघायला विसरू नका, फोटो स्टुडिओचं नाव, गाव, कधी कधी तारीख असते. पण मूळ फोटो मागून घेऊन येऊ नका, तिथंच ठेवून त्याचा फोटो घ्या, काचेची चकाकी टाळायला जरा तिरका धरून.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. हद्दी बदललेल्या आहेत हे लक्षात ठेवा नाहीतर चुकीच्या ऑफिसात फिरत बसाल. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ चा, त्याआधी सगळं रत्नागिरीत. त्यातही सावंतवाडी १९४८ पर्यंत वेगळं संस्थान होतं आणि वेंगुर्ला मात्र १८१२ पासनंच इंग्रजांकडं. म्हणजे शेजारची दोन गावं पण कागद दोन ठिकाणी. तेरेखोल नदीच्या पलीकडं गोव्यात गेलात तर १९६१ पर्यंतचे कागद पोर्तुगीजमध्ये, पणजीच्या पुराभिलेखागारात. इंग्रजी वाचता येत असेल तर मुंबई इलाख्याची जुनी गॅझेटियर नेटवर फुकट मिळतात, रत्नागिरी-सावंतवाडीचं १८८० चं, कारवारकडचं १८८३ चं, बेळगावचं १८८४ चं. त्यात बाबांचं नाव असण्याची आशा धरू नका, पण त्या किनाऱ्यावर तेव्हा किती घरं होती, मिठागरं कुठं, घाटरस्ता कुठला, जत्रा कधी, हे मिळतं आणि म्हाताऱ्यांच्या बोलण्याशी ताडून बघता येतं. समाधीच्या जमिनीचा सातबारा काढा, जुने फेरफार मागवा, जागा कुणी कधी दिली ते त्यात असू शकतं. बेळगावात सार्वजनिक वाचनालयात जुनी मराठी मासिकं-पुस्तकं चाळा, आणि तरुण भारत तर १९१९ पासनंचा आहे, पुण्यतिथीच्या बातम्या सापडल्या तर भाग्य.

लिहायला बसल्यावर एकच मोह टाळायचा, तो म्हणजे सगळ्या गोष्टी जोडून एक सलग चरित्र करायचा. वाचायला छान लागतं आणि सगळं त्यातच बुडतं. प्रत्येकाचं वेगळं पान करा. वर सांगणाऱ्याचं वय, गाव, बाबांशी संबंध काय, त्यानं कुणाकडनं ऐकलं, रेकॉर्डिंगची तारीख. खाली त्याचे शब्द, त्याच्याच बोलीत. "व्हते" चं "होते" करू नका, आज्जी "मी जातो" म्हणाली तर "जाते" करू नका, आपल्याकडच्या बायका असंच बोलतात. मालवणी, कोंकणी, कन्नड बोलणं असेल तर आधी तसंच उतरवा आणि खाली मराठीत द्या, कन्नड येत नसेल तर शेजाऱ्याला बसवा, आपल्या भागात त्याला काय तोटा नाही. ऐकू न आलेल्या जागी टिंबं टाका, मनानं भरू नका. तुमचं स्वतःचं मत लिहायचं असेल तर शेवटी वेगळ्या पानावर, सही करून.

झालं की प्रिंट काढा, साधी स्पायरल बाइंडिंग चालते, अक्षर मात्र मोठं ठेवा. ज्यांनी सांगितलं त्यांच्या घरी एक प्रत स्वतः नेऊन द्या आणि त्यांच्या पानावरचं त्यांना वाचून दाखवा, काही बदलायला सांगितलं तर बदला. एक प्रत खाली समाधीच्या ठिकाणी, एक गावच्या वाचनालयात, एक तुमच्याकडं. पेनड्राइव्हमध्ये आवाज घालून तो घरातल्या कुणातरी तरुण पोरा-पोरीच्या ताब्यात द्या आणि दर दोन-तीन वर्षांनी नवीन ड्राइव्हवर कॉपी करायला सांगा, जुने ड्राइव्ह मरतात. जाहीर कुठं टाकायचं असेल तर ज्यांनी नाव नको म्हटलंय त्यांचं नाव काढून फक्त गाव आणि वय ठेवा. आणि वाचून कुणी दुसऱ्या गावातनं फोन केला की "आमच्याकडं तर वेगळंच सांगतात", तर लगेच तारीख विचारून त्यांच्याकडं जायचं ठरवा, वहीत पान मोकळं ठेवलेलं असू द्या.